ट्रॅम्पोलिनच्या अंतिम फेरीत दुसरी संधी हवी

टोकियोच्या आरिआके जिम्नॅस्टिक्स सेंटरचं छत लाकडाच्या प्रचंड कमानींवर उभं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस या छताखाली ट्रॅम्पोलिनची, म्हणजे ताणलेल्या उसळत्या बेडवरून हवेत कोलांट्या मारण्याच्या खेळाची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांचं वैयक्तिक सुवर्णपदक जपानच्या हिकारू मोरीने जिंकलं. ती तेव्हा २० वर्षांची होती आणि हे विजेतेपद मिळवणारी पहिली जपानी महिला होती. पुरुषांत चीनचा गाओ लेई जिंकला. त्याचं ते चौथं वैयक्तिक जागतिक विजेतेपद होतं.

वीस महिन्यांनी, ३० आणि ३१ जुलै २०२१ ला, याच सभागृहात ऑलिंपिकची ट्रॅम्पोलिन स्पर्धा झाली. कोरोनामुळे खुर्च्या रिकाम्या होत्या. मोरी पात्रता फेरीतच १३ वी येऊन बाहेर पडली. गाओ लेई अंतिम फेरीत पोहोचला, पण त्याचं रुटीन, म्हणजे सलग उड्यांचा क्रम, अर्ध्यावर तुटलं आणि आठांत तो आठवा आला. म्हणजे या सभागृहातले दोन्ही जगज्जेते त्याच सभागृहात रिकाम्या हाताने परतले.

यावर नेहमीची प्रतिक्रिया ठरलेली असते: ऑलिंपिकचं दडपण, घरच्या मैदानाचं ओझं, मन खचलं. यातलं थोडंफार खरंही असेल. पण दडपण सगळ्याच खेळांत असतं. ट्रॅम्पोलिनमध्ये दडपणाखालच्या एका चुकीची जी किंमत मोजावी लागते, ती ठरवली आहे स्पर्धेच्या रचनेने, आणि ही रचना माणसांनी केलेली आहे. ती बदलता येते. पात्रता फेरीपुरती ती बदललीसुद्धा. अंतिम फेरी मात्र अजून तशीच आहे: एक खेळाडू, एक रुटीन, दहा उड्या, सगळं मिळून वीसेक सेकंदांत. अंतिम फेरीत प्रत्येकाला दोन रुटीन मिळावीत आणि त्यांतलं चांगलं धरावं, अशी आमची मागणी आहे. ती का, हे नीट समजून घ्यायचं तर आधी गुणांचा हिशोब पाहावा लागेल.

रुटीन म्हणजे सलग दहा कौशल्यं. मध्ये एकही साधी उडी चालत नाही. सुरुवातीला उंची घेण्यासाठी सरळ उड्या मारता येतात, पण इशारा झाल्यापासून ६० सेकंदांत पहिली कोलांटी सुरू व्हायला हवी. मग दहा कोलांट्या, आणि शेवटी दोन्ही पायांवर उतरून तीन सेकंद स्थिर उभं राहणं. गुण चार ठिकाणांहून येतात. एक्झिक्युशन, म्हणजे सफाई, २० पैकी. काठिण्य, म्हणजे डिफिकल्टी, याला वरची मर्यादा नाही: कोलांटीच्या प्रत्येक पाव वळणाला ०.१, अंगाभोवतीच्या प्रत्येक अर्ध्या पिळाला ०.१, आणि दुहेरी-तिहेरी कोलांट्यांना वर बोनस. तिसरे गुण हवेतल्या वेळेचे, एका सेकंदाला एक गुण. चौथे, बेडच्या मध्यापासून किती भरकटलात याचे, १० पैकी.

हे चारही घटक एकदम आले नाहीत. २००८ च्या बीजिंगपर्यंत फक्त सफाई आणि काठिण्य होतं, म्हणून चीनच्या लू चुनलाँगचं सुवर्ण ४१.०० गुणांचं दिसतं. २०१२ च्या लंडनमध्ये हवेतला वेळ मोजला जाऊ लागला आणि सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्याच डाँग डाँगचे गुण ६२.९९० झाले. बेडवरच्या भरकटण्याची मोजणी २०१७ पासून आली. म्हणजे पंचांच्या डोळ्यांवर सोडलेला भाग कमी होत गेला, यंत्राने मोजलेला भाग वाढला. खेळासाठी ही चांगलीच गोष्ट झाली. पण अचूकता वाढली तरी पहिल्या आणि तिसऱ्यातली फट बारीकच राहिली. टोकियोत महिलांचं सुवर्ण ५६.६३५ ला आणि कांस्य ५५.७३५ ला गेलं, फरक ०.९. पॅरिसमध्ये ५६.४८० आणि ५५.६५०, फरक ०.८३. प्रत्येक उडीला हवेतला वेळ फक्त पाच शतांश सेकंदाने कमी पडला, तर दहा उड्यांत अर्धा गुण जातो. अर्धं पदक तिथेच गेलं म्हणायचं.

इथवर तक्रार काहीच नाही. बारीक फरकाने हरणं हा खेळच आहे. तक्रार आहे ती रुटीन तुटल्यावर काय होतं याबद्दल.

रुटीन तुटतं कधी? दोन्ही पाय एकाच वेळी बेडवर टेकले नाहीत तर. बेड सोडून स्प्रिंगवर किंवा कडेच्या गादीवर अंग टेकलं तर. कडेला उभ्या असलेल्या स्पॉटरने, म्हणजे पडणाऱ्याला सावरणाऱ्या मदतनीसाने, हात दिला तर. त्या क्षणी रुटीन थांबतं आणि तोवर पूर्ण झालेल्या उड्यांचेच गुण मिळतात. पाचव्या उडीवर घात झाला तर चार उड्यांचे. चांगल्या महिला खेळाडूचं पूर्ण रुटीन साधारण ५६ गुणांचं धरलं, तर चार उड्यांचे होतात सुमारे २२. पाचवी ते दहावी या उड्या तिला येत नाहीत म्हणून नव्हे, त्या मारायची वेळच आली नाही म्हणून ३४ गुण गेले.

आता ट्रॅम्पोलिन चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्याच छत्राखालच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्सशी तुलना करा. तिथे बीमवरून, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरून, पडलात तर १.०० गुण वजा होतो, तुम्ही परत बीमवर चढता आणि उरलेलं रुटीन पूर्ण करता. पडणं महागात पडतं, पण त्याची किंमत ठरलेली आहे. व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीच्या, अंतिम फेरीत तर दोन व्हॉल्ट मारायचे असतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. मराठी वाचकाला रिओ २०१६ मधली दीपा कर्माकर आठवत असेल. प्रोडुनोव्हासारखा जिवावरचा व्हॉल्ट मारून ती चौथी आली, कांस्यापासून ०.१५० गुणांनी दूर. पदक हुकल्याचं दुःख तिला आणि आपल्यालाही झालं, पण दोन व्हॉल्ट मारून, दोन्ही पूर्ण करून, ती चौथी आली. ती किती चांगली आहे हे जगाने पाहिलं. ट्रॅम्पोलिनच्या अंतिम फेरीत आठव्या आलेल्या गाओ लेईबद्दल जगाने काय पाहिलं? एक अर्धवट तुकडा.

पाय चुकतो म्हणजे नेमकं काय होतं, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इतका सराव केलेला माणूस एवढा कसा भरकटला?

स्पर्धेच्या ट्रॅम्पोलिनचं बेड ४.२८ मीटर लांब आणि २.१४ मीटर रुंद असतं, जमिनीपासून १.१५५ मीटर उंचीवर. पातळ नायलॉनच्या पट्ट्या विणून ते केलेलं असतं आणि शंभराहून अधिक पोलादी स्प्रिंगांनी चौकटीला ताणलेलं असतं. मधोमध लाल फुली, तिच्याभोवती उड्यांची चौकट. महिला खेळाडूच्या दहा उड्यांचा हवेतला वेळ १६ सेकंदांच्या आसपास, म्हणजे एका उडीला १.६ सेकंद. त्यातला अर्धा, ०.८ सेकंद, वर जाण्याचा. गुरुत्वाकर्षणाचा शाळेतला हिशोब लावला तर शरीर बेडपासून ३.१ मीटरहून थोडं जास्त वर उचललं जातं. पुरुषांत एका उडीला १.८ सेकंद धरले तर जवळपास ४ मीटर.

आता समजा, बेड सोडताना शरीर किंचित बाजूला कललं आणि आडवा वेग सेकंदाला अर्धा मीटर मिळाला. आपण रस्त्यावर सावकाश चालतो त्याच्याही निम्म्याहून कमी वेग हा. पण हवेत १.६ सेकंद राहायचं आहे आणि हवेत ढकलायला काही नाही. म्हणजे खेळाडू ८० सेंटिमीटर बाजूला उतरणार. फुलीपासून कडेचं अंतर १०७ सेंटिमीटर. उरले २७. जेमतेम एका पावलाची लांबी. त्याच्या पलीकडे स्प्रिंगा.

हा अर्धा मीटर वेग येतो कुठून? सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पीळ बेडवरच सुरू होणं. पाय अजून बेडमध्ये खोल असतानाच खांदे फिरायला लागले, तर एका पायावर भार जास्त येतो आणि बेड त्या बाजूने जास्त ढकलतं. दुसरं कारण हातांचं. वर जाताना हात कानांजवळून सरळ वर जायला हवेत, ते थोडे पुढे गेले तर छाती पुढे जाते आणि अंग लांबीच्या दिशेने सरकतं. तिसरं कारण आधीची उडी. कोलांटी उशिरा उघडली, म्हणजे अंग सरळ करायला शतांश सेकंदांचा उशीर झाला, तर पाय उभे टेकत नाहीत. थोडे पुढे किंवा मागे टेकतात. बेड तर ताण साठवतं आणि परत देतं, चूक असली तर चूकही परत देतं.

पुढचा भाग आणखी अवघड. फुलीपासून ८० सेंटिमीटरवर उतरलेल्या खेळाडूला पुढच्या उडीत मध्याकडे परतायचं असतं. त्यासाठी बेडला तिरकं ढकलावं लागतं. तिरकं ढकललं की सरळ वर जाणारी ताकद कमी होते, उंची जाते. पुढची ठरलेली कोलांटी तिहेरी असेल तर तिला लागणारी उंचीच नाही. मग हवेत जाण्याआधी, बेडला पाय असतानाच्या तेवढ्या एका क्षणात ठरवायचं: तिहेरी सोडून दुहेरी मारायची का? मारली आणि तीच दुहेरी त्याच आकारात रुटीनमध्ये पुढे असेल, तर दुसऱ्यांदा मारलेल्या कौशल्याचं काठिण्य धरलं जात नाही. म्हणजे पुढचा क्रमही मनातल्या मनात बदलायचा. म्हणून प्रशिक्षक रुटीनबरोबर दोन-तीन पर्यायी क्रमही पाठ करून घेतात. हे सगळं दर दोन सेकंदांनी एक उडी पडत असताना. चूक एका उडीत होत नाही. ती तिसऱ्या उडीत जन्मते, चौथीत वाढते आणि सहावीत सगळ्यांना दिसते.

हे समजल्यावर मोरीच्या कारकिर्दीकडे पाहावं.

२०१३ मध्ये, १४ व्या वर्षी, तिने जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तोवर इतक्या लहान वयात कुणी ती जिंकली नव्हती. पुढे ती टोकियो सोडून कानाझावाला गेली. इशिकावा प्रांतातलं हे शहर जपानी ट्रॅम्पोलिनचं माहेरघर आहे, तिथल्या कानाझावा गाकुइन या संस्थेतून एकामागून एक राष्ट्रीय खेळाडू निघाले. २०१९ च्या जागतिक विजेतेपदाबरोबर तिची टोकियो ऑलिंपिकची जागाही पक्की झाली. तेव्हा ऑलिंपिक आठ महिन्यांवर होतं. ते वीस महिन्यांवर गेलं. त्या काळात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जवळजवळ बंद होत्या, आणि ज्या खेळात उंचीची व अंतराची सवय दर काही आठवड्यांनी परक्या बेडवर तपासून घ्यावी लागते, तिथे ही पोकळी फार जाचते. प्रत्येक बेडचा ताण वेगळा असतो. सरावाचं बेड जुनं होऊन मऊ पडलेलं असतं, स्पर्धेचं कोरं आणि कडक. कडक बेड लवकर परत फेकतं, पायांची लय थोडी आधी लागते.

टोकियोत पात्रता फेरीचा नियम असा होता: दोन रुटीन, दोन्हींची बेरीज. पहिल्यात ठरावीक अटी पाळायच्या, तिथे सगळ्या उड्यांचं काठिण्य मोजलं जात नसे. दुसरं मुक्त. १६ पैकी ८ पुढे. मोरीचं दुसरं रुटीन शेवटपर्यंत गेलं नाही. बेरजेच्या नियमात त्याचा अर्थ एकच होता. तिच्याच संघातली मेगू उयामा अंतिम फेरीत गेली आणि पाचवी आली. जपानी महिलांनी ऑलिंपिक ट्रॅम्पोलिनमध्ये मिळवलेलं ते सर्वांत वरचं स्थान, आणि जगज्जेतीच्या पराभवाच्या बातम्यांत ते झाकलं गेलं याचं वाईट वाटतं.

२०२२ मध्ये सोफियात मोरी पुन्हा वैयक्तिक जगज्जेती झाली. हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९ चं यश घरच्या प्रेक्षकांमुळे आलं आणि २०२१ मध्ये तिची खरी पातळी दिसली, असं कुणाला वाटत असेल तर सोफियाने त्याचं उत्तर दिलं आहे. तीन वर्षांच्या अंतराने दोनदा जग जिंकणारी खेळाडू मधल्या एका दिवशी १३ वी आली. यातला अपवाद कोणता हे उघड आहे. २०२४ मध्ये पॅरिसला तिने अंतिम फेरी गाठली आणि सहावी आली.

जपानच्या बाकीच्या नोंदी याच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. २००८ बीजिंग, तेत्सुया सोतोमुरा चौथा. २०१२ लंडन, मासाकी इतो चौथा, यासुहिरो उएयामा पाचवा. २०१६ रिओ, गिंगा मुनेतोमो चौथा, इतो सहावा. सलग तीन ऑलिंपिकमध्ये तीन वेगळे पुरुष, तिन्ही वेळा चौथं स्थान. महिलांत सिडनीला अकिको फुरू सहावी, अथेन्सला हारुका हिरोता सातवी. २००० पासून पॅरिसपर्यंत सात ऑलिंपिक झाली आणि जपानच्या खात्यात ट्रॅम्पोलिनचं एकही पदक नाही. हे वाचणाऱ्याला वाटेल, जपान या खेळात दुसऱ्या फळीतला आहे. जागतिक स्पर्धांचे निकाल पाहणारा असं म्हणणार नाही. जागतिक स्पर्धेत वैयक्तिकबरोबर सिंक्रो असतं, म्हणजे शेजारच्या दोन ट्रॅम्पोलिनवर दोघांनी एकाच वेळी तेच रुटीन करणं, आणि सांघिक प्रकारही असतो. ऑलिंपिकमध्ये पॅरिसपर्यंत फक्त वैयक्तिक, महिलांचं एक आणि पुरुषांचं एक. एका देशाचे जास्तीत जास्त दोन. खेळाची सगळी खोली या दोन स्पर्धांच्या अरुंद तोंडातून बाहेर यावी लागते, आणि त्या तोंडाशी एकच रुटीन उभं असतं.

पात्रता फेरीत बदल झाला तो टोकियोनंतर. पॅरिसला प्रत्येकाला दोन रुटीन मिळाली आणि त्यांतलं चांगलं धरलं गेलं, बेरीज गेली. हा बदल मोठा आहे आणि योग्य आहे. हा नियम आधी असता तर मोरी टोकियोत अंतिम फेरीत गेली असती असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण रुटीनची रचनाच तेव्हा वेगळी होती. पण तत्त्व मान्य झालं, हे नाकारता येत नाही. एक तुटलेलं रुटीन म्हणजे खेळाडूची पातळी नव्हे, हे आंतरराष्ट्रीय महासंघाने पात्रता फेरीत लेखी स्वीकारलं. मग दोन तासांच्या आत, त्याच बेडवर, त्याच आठ खेळाडूंना ते तत्त्व लागू का होऊ नये? पात्रता फेरी ही गाळणी आहे आणि पदक अंतिम फेरीत मिळतं. गाळणीला सावधगिरी आणि पदकाला जुगार, हा क्रम उलटा आहे.

याविरुद्धचे आक्षेप तीन. तिन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत.

पहिला: दबावाखाली एकदाच आणि बरोबर करून दाखवणं हीच चॅम्पियनची ओळख. पण हा निकष इतर खेळ स्वतःला लावत नाहीत. पॅरिस ऑलिंपिकपर्यंत लांब उडीच्या अंतिम फेरीत तीन प्रयत्न असत आणि पहिल्या आठांना आणखी तीन. वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅचला तीन, क्लीन अँड जर्कला तीन. डायव्हिंगमध्ये पुरुषांच्या सहा डाइव्ह, महिलांच्या पाच. या खेळांतले विजेते कच्चे असतात असं कुणी म्हणत नाही. १०० मीटरची शर्यत एकदाच असते हे खरं, पण तिथे पाय किंचित घसरला तरी धावपटू शेवटपर्यंत पळतो आणि वेळ नोंदवली जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकाच रुटीनच्या या पद्धतीतसुद्धा तेच तेच खेळाडू पुन्हा पुन्हा जिंकतात. डाँग डाँगने सलग चार ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलं: बीजिंगला कांस्य, लंडनला सुवर्ण, रिओ आणि टोकियोत रौप्य. कॅनडाच्या रोझी मॅक्लेननने लंडन आणि रिओ दोन्ही जिंकली. बेलारूसच्या इव्हान लिटविनोविचने टोकियो आणि पॅरिस. ब्रिटनच्या ब्रायनी पेजने रिओत रौप्य, टोकियोत कांस्य, पॅरिसला सुवर्ण. हे नशिबाने होत नाही, आणि आम्ही तसं म्हणतही नाही. ही माणसं असामान्य आहेत. पण या यादीवरून इतकंच कळतं की पद्धत चांगल्यांना वर येऊ देते. किती चांगल्यांना ती वगळते, ते या यादीत दिसणार नाही. त्यासाठी चार वेळा जगज्जेता होऊन टोकियोत आठवा आलेला गाओ लेई पाहावा लागतो. शिवाय दोन रुटीन दिली तर डाँग डाँग किंवा मॅक्लेनन यांचं काय बिघडलं असतं? सातत्य असलेल्या खेळाडूला दुसरी संधी कधीच जड जात नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. दोन प्रयत्न मिळाले तर खेळाडू दुसऱ्यात झेपणार नाही इतकं काठिण्य लावतील, तिहेरी कोलांट्या वाढवतील, आणि चार मीटरवरून मानेवर पडणं म्हणजे जन्माचं अपंगत्व. हा आक्षेप खरा आहे आणि याला हातचं राखून उत्तर देता येणार नाही.

पण आज काय होतं ते आधी पाहा. एकच रुटीन असलेल्या खेळाडूचा पाय चौथ्या उडीत कडेला पडला, तर तिच्यापुढे दोन रस्ते असतात. गुडघे वाकवून बेडची उसळी जिरवायची, थांबायचं आणि पदक सोडायचं. किंवा कमी उंचीवर, कडेजवळून, तिरक्या अंगाने पुढची कोलांटी मारायची. चार वर्षांची मेहनत पणाला असताना कोण थांबेल? प्रशिक्षक सरावात रोज सांगतात, शंका आली की थांब. कडेचा स्पॉटर जाड गादी आत सरकवायला तयार उभा असतो. अंतिम फेरीत मात्र थांबणं म्हणजे शेवट, म्हणून कुणी थांबत नाही. दुसरं रुटीन हातात असेल तर थांबणं पहिल्यांदाच शहाणपणाचा डाव होतो. ट्रॅम्पोलिनमधला धोका फक्त ठरलेल्या अवघड उडीतून येत नाही. बिघडलेली उडी वाचवायच्या खटाटोपातूनही तो येतो. उंची नसताना लावलेला पीळ, कडेवरून घेतलेली दुहेरी.

काठिण्य वाढवण्याच्या मोहावर उपाय सोपा आहे. खेळाडू रुटीनचा तक्ता आधी लिहून देतातच. दुसऱ्या रुटीनचं काठिण्य त्याच दिवशीच्या पात्रता फेरीत पूर्ण केलेल्या सर्वांत अवघड रुटीनपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये, एवढी एक अट पुरे. ज्या उड्या दुपारी पूर्ण करून दाखवल्या, त्यांच्याच जवळपास संध्याकाळी राहा.

काहीजण दोन्ही रुटीनची बेरीज सुचवतात, दोन्हींत सातत्य दिसावं म्हणून. ती सूचना आम्हाला मान्य नाही. टोकियोच्या पात्रता फेरीत बेरीजच होती आणि तिचा परिणाम समोर आहे. ज्या खेळात पडल्यावर एक गुण जातो तिथे बेरीज न्याय्य ठरते. जिथे पडल्यावर तीस गुण जातात, तिथे बेरीज म्हणजे अपघाताची शक्यता दुप्पट.

वेळेचं कारण कुणी पुढे करू नये. आठ खेळाडू, प्रत्येकी इशारा ते पहिली कोलांटी जास्तीत जास्त एक मिनिट, रुटीन वीस सेकंद, गुण लागायला मिनिट-दीड मिनिट. खेळाडू बदलायचा वेळ धरूनही एक फेरी पंचवीस मिनिटांत संपते. दुसरी फेरी पहिल्या फेरीच्या उलट क्रमाने घ्यावी, आठवा आधी, पहिला शेवटी. बरोबरी झाली तर दोघांचं दुसरं रुटीन तुलनेला घ्यावं. मध्ये दहा मिनिटं बेड तपासायला, स्प्रिंगांचे आकडे पाहायला आणि पायांना विश्रांती द्यायला. पात्रता फेरी धरून खेळाडूची दिवसाची रुटीन होतात चार. सरावाच्या साध्या दिवशी ते याहून कितीतरी जास्त उड्या मारतात.

आणि पहिल्या फेरीत जिचा पाय स्प्रिंगवर पडला, ती कडेच्या खुर्चीवर बसून मोजे बदलेल, प्रशिक्षक तिला चौथ्या उडीत खांदे किती लवकर फिरले ते हाताने दाखवेल, आणि दहा मिनिटांनी तिचं नाव सर्वांत आधी पुकारलं जाईल.